हाताने बदलू नये

फाईलच्या डोक्यावर इक्बालने लिहून ठेवलंय:
ही फाईल यंत्राने लिहिली आहे, हाताने बदलू नये.
त्याखाली चोवीस हजार ओळी
आणि आज सकाळच्या मोजणीनुसार
अकराशे सात वॉर्निंग्ज.

एरर एकही नाही. प्रोग्राम चालतो.
तीन वर्षं चालतोय हर्णैच्या एकोणीस होड्यांवर.
डबीएवढ्या पडद्यावर सांगतो
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर
पाणी किती आहे, आत यावं की थांबावं.
म्हणून वॉर्निंग्ज कोणी वाचल्या नाहीत. मीही नाही.
माझ्या खोलीखाली बर्फाचा कारखाना आहे,
तो बंद पडला की मगच ऐकू येतो. तसंच हे.

पहिल्या दिवशी हातानेच बसले.
इथे कंस, तिथे टाईप, न वापरलेलं नाव खोड.
साठ झाल्या. सत्तर झाल्या. पाठ भरून आली, बरं वाटलं.
दुपारी हरेश पावसेने दांड्याची नवी मापं पाठवली,
वाळू सरकली होती.
मी तक्ता भरला, जनरेटर चालवला
आणि माझ्या सत्तरच्या सत्तर
परत जागेवर,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

बाबांची चिरेखाण होती पालगडच्या सड्यावर.
एका उन्हाळ्यात कटरचं पातं वाकलं
आणि प्रत्येक चिऱ्याच्या डाव्या अंगाला
बोटभर ओठ यायला लागला.
धोंडू कांगणे गवंडी एकेक ओठ तासायचा, शिव्या देत,
दिवसाला चाळीस.
बाबा म्हणाले, चिऱ्याला काय बोलतोस,
पात्याला बोल.

तर पातं.
इक्बालचा साचा, नऊशे ओळी, त्याच्याच हातच्या.
तो आता सोहारला असतो.
मध्येमध्ये त्याच्या टिपा: इथे नंतर बघू. इथे पण.
एक स्विच आहे, तो घातला की सगळं गप्प होतं.
टाईप केला होता मी. खोटं कशाला बोलू.
मग खोडला.

साच्यातली एक ओळ बदलली, तीनशे बारा गेल्या.
एक कंस, आणखी दोनशे.
चहा.
मग चारशे एकदम, कशा ते नीट कळलंही नाही,
परत जाऊन बघावं लागलं.

शेवटी एक जात उरली. सव्वीस.
उणे चालणारी संख्या
उणे न चालणारीशी ताडून बघतोय, कंपायलर म्हणत होता.
असल्या वॉर्निंग्ज मी आयुष्यभर
खांद्यावरून झटकल्यात.
पण ही संख्या पाण्याची होती
आणि पाणी शून्याखाली जातं.
अवसेच्या उधाणात, सुकतीच्या टोकाला,
नकाशाच्या शून्याच्याही वीतभर खाली.
कालवं काढणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं,
ती बरोब्बर त्याच दिवशी खडपात उतरते.
साच्याच्या लेखी पाण्याला उणे नव्हतं.
उणे वीस सेंटिमीटर म्हणजे
पासष्ट हजार पाचशे सोळा.
या आत, पाणी भरपूर आहे.

हरेशला फोन केला. असं कधी दाखवलं का डबीने?
असेल, म्हणाला. तेव्हा डबीकडे कोण बघतो,
दांडा उघडा दिसतो की डोळ्यांना.
आणि रात्री?
मागे कोणीतरी लिलावाचा भाव ओरडत होतं.
रात्री बघतो, म्हणाला.

एक शब्द बदलला साच्यात. फक्त एक.
मग उरलेलं किडूकमिडूक. त्यात एक व्हेरिएबल होता, वारा,
जाहीर केलेला, कुठेच न वापरलेला.
वारा मोजायचं यंत्र कधी आलंच नाही.
तोही काढला.

इक्बालला कळवलं: अकराशे सात होत्या, आता शून्य.
त्याने अंगठा पाठवला.
रात्री पाऊण वाजता पुन्हा त्याचा मेसेज:
त्यात गंभीर काही होतं का?

खाली कॉम्प्रेसर चालू होता.
मी लिहिलं,
कंस होते रे, बरेचसे.